भिंगारदिवे सिस्टर आणि तीनशे बारा ओळी

भिंगारदिवे सिस्टर कुणालाही 'कसे आहात' असं विचारत नाहीत. 'कुठं दुखतंय?' असं विचारतात. 'कुठंच नाही' हे उत्तर त्यांना चालत नाही. त्या दोन पावलं मागं सरकतात, समोरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि म्हणतात, "बरं. आठव सावकाश. मी चहा होईस्तोवर बसलीये."

त्या आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा दारात मीच सापडलो. कुठंच नाही म्हणालो. चहा झाला, आणि कप खाली ठेवताना माझ्या लक्षात आलं की आपला उजवा खांदा तीन महिने दुखतोय.

"कसा दुखतो?" सिस्टरांनी विचारलं.

"म्हणजे, दुखतो."

"मोघम नको. ठणकतो, का भरून येतो, का चमक निघते, का नुसती रग लागते?"

मी इंजिनियर आहे. माझ्याकडं दुखण्यासाठी एकच शब्द होता, आणि तोही मी तीन महिने वापरला नव्हता.

आमचं ऑफिस नगरला सावेडीत आहे. सहा माणसं, सात कॉम्प्युटर आणि एक फ्रीज. फ्रीज चालत नाही म्हणून त्यात वायरी ठेवल्या आहेत. आम्ही मोबाईलची ॲप बनवतो. त्या सुमारास एका संस्थेचं आरोग्याचं ॲप आमच्याकडं आलं होतं. संस्थेचं काम जामखेड आणि अकोले तालुक्यांतल्या गावांत. गावातल्या आशाताईंनी घरोघर जायचं, मोबाईलवरचा एकेक प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तराचं बटण दाबायचं, की ती माहिती दवाखान्यात डॉक्टरांसमोर उमटणार. ॲप इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत आणायचं काम माझ्याकडं आलं.

मला ते काम सुट्टीसारखं वाटलं होतं. ॲपमधलं प्रत्येक वाक्य एका तक्त्यात असतं. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्या रकान्यात मराठी. अशा तीनशे बारा ओळी होत्या. मी त्या सगळ्या भाषांतर करणाऱ्या मशीनला दिल्या, खाली जाऊन वडापाव खाल्ला, आणि वर येईपर्यंत उजवा रकाना गच्च भरला होता. मी तो वाचलासुद्धा नाही. मराठी तर आपलीच, तिला काय वाचायचं, असं मला वाटलं.

जामखेडच्या पुढच्या एका गावात ॲपची पहिली चाचणी झाली. आठ दिवसांनी संस्थेच्या मॅडमचा पुण्याहून फोन आला. "सगळ्या गावानं सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हटलंय," त्या म्हणाल्या. "एक तर हे देशातलं सगळ्यात निरोगी गाव आहे, नाहीतर तुमची मराठी आजारी आहे."

मग मी उजवा रकाना वाचला, आणि गावातले लोक तोंडानं काय म्हणाले ते आशाताईंना फोन करून विचारलं. पोट साफ होतं का, रंग कसा असतो, हे विचारायच्या जागी मशीननं लिहिलं होतं, 'तुमच्या स्टुलाचा रंग कोणता आहे?' एका आजोबांनी त्यावर 'आमच्यात पाट हाय' असं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. दिवस गेलेत का, याच्याऐवजी 'तुम्ही अपेक्षा करत आहात का?' असं होतं. तिथं एका बाईचं उत्तर होतं, 'आता कसली अपेक्षा.' पायात चमक निघते का, याच्या जागी 'गोळीबारासारखी वेदना होते का?' असं विचारलं होतं. गावातल्या सगळ्या बाया पुल्लिंगी झाल्या होत्या, 'हौसाबाई आला आहे' अशा. आणि सगळं भरून झाल्यावर माहिती पाठवायचं जे हिरवं 'सबमिट' बटण, त्यावर लिहिलं होतं, 'शरण जा'. एका आशाताईंनी ते दाबायचं टाळून फोनच बंद करून कपाटात ठेवला होता.

मॅडमनी महिन्याची मुदत दिली. महिन्यानं त्या स्वतः त्याच गावात येणार होत्या. तेव्हाही जमलं नाही, तर काम दुसऱ्याकडं जाणार होतं.

आमचे मालक तांबोळी साहेब संध्याकाळी म्हणाले, "सिस्टरांना बोलावू." भिंगारदिवे सिस्टर मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. साहेबांचा जन्म त्यांच्या हातचा. ही माहिती साहेबांनी आम्हाला अभिमानानं सांगितली, पण अर्धीच. उरलेली अर्धी सिस्टरांनी आल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितली. "हा पायाळू आहे. आधी पाय आले, डोकं मागनं. मी तेव्हा नवीन होते. डॉक्टर जामखेडला गेलेले. दोन तास घाम फोडला यानं."

त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी चहावाला केटली ठेवून तिथंच उभा राहिला. त्याच्या कमरेत उसण भरली होती, आणि पायाळू माणसानं पाय लावला की उसण उतरते असं त्याच्या आईनं त्याला सांगितलं होतं. साहेबांनी आधी त्याला हाकललं. मग त्याचं तोंड बघवेना म्हणून केबिनचं दार लावून त्याच्या कमरेला पाय लावला. आठवड्याभरात इमारतीतल्या तिन्ही मजल्यांवरचे लोक येऊ लागले. साहेब हळू आवाजात सिस्टरांना म्हणाले, "तुम्ही हे सांगायला नको होतं." सिस्टर म्हणाल्या, "गुण येतोय ना? मग."

कामाला त्या सकाळी दहाला येत. पांढरी साडी, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ, आणि पिशवीत एक जाडजूड वही. त्या वहीत चाळीस वर्षं पेशंटच्या तोंडून ऐकलेलं दुखणं होतं. डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिलं ते नाही, माणूस काय म्हणाला ते. ठणका, कळ, चमक, शिणक, रग, ठसठस, चुरचुर, भगभग, सल, पिळवट, ओढ, कणकण. आमच्या इंग्रजी तक्त्यात दुखण्याचे चार प्रकार होते. सिस्टरांकडं एकतीस निघाले.

"एवढे कसे बसवणार?" मी म्हणालो. "स्क्रीनवर जागा नाही."

"ठसठस आणि ठणका एकच वाटतात तुला?"

"साधारण."

"साधारण काही नसतं. बोटात पू झाला की ठसठसतं. ते नाडीच्या ठेक्यावर चालतं, हात वर धरला की कमी होतं. दाढ ठणकते, ती कशानंच ऐकत नाही. डॉक्टरला अर्धा रोग इथंच कळतो. आणि तू म्हणतोस जागा नाही."

मी जागा केली. भोवळ, घेरी आणि अंधारी यांवरून मात्र आमचा दीड दिवस गेला. मी तिन्हींना मिळून 'चक्कर' ठेवलं होतं. सिस्टर खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी मला तिन्ही करून दाखवल्या. भोवळीत जग फिरतं, अंधारीत जग जातं, आणि घेरीत माणूस जातो, असं म्हणत त्या घेरी येऊन खरोखर फ्रीजवर कलल्या. दारात साहेबांकडं पाय लावून घ्यायला आलेला एक माणूस पाणी आणायला धावला.

ॲपची नेहमीची बटणंसुद्धा त्यांनी सोडली नाहीत. 'जतन करा' वाचून म्हणाल्या, "जतन लोणच्याचं करतात. इथं 'नोंद ठेवा' लिही." 'रद्द करा' काढून 'राहू द्या' केलं. बायांचा पुल्लिंगी प्रश्न मला दोन दिवस सुटत नव्हता, कारण नाव कुणाचं येणार ते मशीनला आधी माहीत नसतं. सिस्टरांनी तो चहा ढवळता ढवळता सोडवला. "'आला', 'आली' कशाला म्हणायचं? 'हौसाबाई यांची नोंद झाली' म्हण. नोंद नेहमी 'झाली'च असते." मी पुस्तकातून शिकलेल्या सगळ्या युक्त्या त्या एका वाक्यापुढं बाद झाल्या.

अकोल्याच्या डोंगरात हेच शब्द चालतील का, अशी शंका त्यांना आली तेव्हा मी म्हणालो, फोन करून विचारू. त्या न बोलता गेल्या आणि दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी उगवल्या तेव्हा एसटीनं राजूरच्या बाजाराला जाऊन आल्या होत्या. बाजारात भाजी विकणाऱ्या बायांच्या शेजारी बसून त्यांनी प्रत्येकीला कुठं दुखतंय ते विचारलं होतं. बरोबर वहीची चार पानं, पाच किलो तांदूळ आणि एका बाईनं दिलेली काकडी होती. "लई बोलत्या बाया," त्या म्हणाल्या. त्यांची भाषा एरवी दवाखान्यात इस्त्री झालेली असे, पण खूश झाल्या की माहेरची जामखेडकडची बोली वर यायची. "कुनी इचारतच न्हाई म्हनून बोलत न्हाईत, एवढंच."

खरं भांडण झालं ते 'कसंतरी होतंय' यावरून. सिस्टरांचं म्हणणं, दुखण्याच्या यादीत हे सगळ्यात वर पाहिजे. साहेबांचं म्हणणं, डॉक्टर याचं करणार काय?

"कसंतरी हे काही लक्षण नाही, सिस्टर."

"बाईचं पहिलं लक्षण तेच असतं. छातीत दुखतंय असं बाई सांगतच नाही. आधी म्हणते, कसंतरी होतंय. घरातले म्हणतात, पड जरा. ती पडते. कितीजणी मग उठलेल्या नाहीत, मी पाहिलंय." त्या वही मिटून शांतपणे म्हणाल्या, "हे बटण नसेल तर त्या तीनशे बारा ओळी तुमच्या तुम्ही करा."

बटण सगळ्यात वर गेलं. गंमत अशी की डॉक्टरांसाठी त्याचं इंग्रजी करायची वेळ आली, तेव्हा मला ते काही केल्या जमेना. शेवटी मी इंग्रजी रकान्यातही इंग्रजी अक्षरांत 'कसंतरी' असंच लिहिलं. डॉक्टरांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

महिना संपायला चार दिवस उरले होते. तक्ता जवळजवळ पूर्ण झाला होता. जवळजवळ, कारण दोनशे शहाण्णवावी ओळ मोकळी होती. सिस्टर रोज घरी छापील कागद घेऊन जात आणि पेन्सिलीनं मराठी भरून आणत. ती ओळ मी दोनदा खूण करून पाठवली, दोनदा मोकळी परत आली. मी विचारलं तर म्हणाल्या, "राहिली असेल." चाळीस वर्षं औषधाची एक वेळ न चुकवलेली बाई 'राहिली असेल' म्हणते, याचं मला नवल वाटलं. पण ओळ किरकोळ होती. इंग्रजीत एवढंच विचारलं होतं की तुम्ही एकटे राहता का, आणि खाली दोन बटणं, हो आणि नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना बरं नव्हतं म्हणून त्या आल्या नाहीत. मीच कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. स्टेशन रोडच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, बाहेर कडुनिंब. आत सगळं रुग्णालयासारखं जागच्या जागी. मिस्टर मिशनच्याच दवाखान्यात कंपाउंडर होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, हे मला साहेबांकडून माहीत होतं. सिस्टरांनी चहा टाकला. एक कप ओट्यावरच होता. दुसरा त्यांनी फडताळात मागून काढला आणि नळाखाली बराच वेळ धुतला.

मी कागद पुढं केला. त्या त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "पेशंटला घरी सोडताना आमच्या फॉर्मवर पण होता हा प्रश्न. चाळीस वर्षं विचारला मी. ज्याला 'हो' म्हणायचं असायचं, तो माझ्याकडं बघून कधीच म्हणाला नाही. खिडकीकडं बघून म्हणायचा."

मी कप खाली ठेवला.

"एवढंसं उत्तर असतं. पण ते म्हणायला लावू नये कुणाला." त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सोबतीला कोण असतं?'

"सिस्टर, याला हो-नाही चालणार नाही. लिहायला जागा द्यावी लागेल. तो सगळा भाग पुन्हा बांधावा लागेल. परवा चाचणी आहे."

"मग बांध."

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. चाचणीच्या तोंडावर असं काही बदलत नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. त्यांनी सिस्टरांना फोन लावला, 'पण सिस्टर' एवढंच म्हणाले, आणि नंतर बराच वेळ नुसते ऐकत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, "कर. त्या म्हणतात, तुला सुलटा काढला, त्यापुढं हे काहीच नाही."

गुरुवारी आम्ही जीपनं गावात पोचलो. साहेब, मी, सिस्टर. पुण्याच्या मॅडम आधीच आल्या होत्या आणि त्यांच्या हातात मागच्या चाचणीचे कागद होते. पहिलं घर हौसाबाईंचं निघालं. त्याच, ज्या मागच्या वेळी 'आला' होत्या. वय सत्तरीच्या पुढं. पोरगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, नातवंडं त्यांच्याबरोबर. मागच्या कागदावर त्यांची सगळी उत्तरं 'नाही' अशी होती.

आशाताईंचं नाव संगीता. त्या मोबाईल धरून ओट्यावर बसल्या आणि वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचा आवाज मोकळा झाला, कारण त्या प्रश्न वाचत नव्हत्या, विचारत होत्या. "काय होतंय, मावशी? ठणकतंय, कळ येती, का कसंतरी होतंय?"

"कसंतरी," हौसाबाई लगेच म्हणाल्या. "चार-पाच दिस झाले, लई कसंतरी हुतंय बघ."

त्या बटणाच्या मागं आम्ही पुढचे प्रश्न जोडले होते. भोवळ का अंधारी? अंधारी. घाम येतो? येतो. मान जड? जड. ॲपनं लाल पट्टी दाखवली आणि सिस्टर पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढून हौसाबाईंच्या शेजारी बसल्या. आकडा बघून त्या मॅडमना म्हणाल्या, "आत्ता जामखेडला न्यायचं." मॅडमनी हातातले जुने कागद दुमडले आणि ड्रायव्हरला स्वतःचीच गाडी काढायला सांगितली.

हौसाबाई मात्र उठेनात. "ते मोबाईलातलं सगळं झालं का आधी?" त्यांनी संगीताताईंना विचारलं. आता कुणी विचारतंय तर अर्धवट सोडायची त्यांची तयारी नव्हती. एकच प्रश्न राहिला होता.

"सोबतीला कोण असतं, मावशी?"

"ही शेळी हाय," हौसाबाई म्हणाल्या. "सांजच्याला शेजारची गोदी येती, भाकरी थापस्तोवर बसती. अन् फोनमदी नातवाचा फोटू हाय, पन चार्जिंग न्हाई." संगीताताईंनी शेळीपासून चार्जिंगपर्यंत सगळं लिहिलं. मग हौसाबाई गाडीत बसल्या. शेळीकडं कोण बघणार, ते गोदीनं कुंपणापलीकडूनच सांगितलं.

आम्ही दुपारपर्यंत आणखी घरं केली. मराठी पास झाली हे मॅडमनी तोंडानं सांगितलं नाही, पण अकोल्यात कधी सुरू करायचं ते विचारलं. हौसाबाईंना दोन दिवस ठेवून घेतल्याचं आणि आता बरं असल्याचं नंतर संगीताताईंनी कळवलं.

परतताना जीपमध्ये साहेब पुढं घोरत होते. सिस्टर मला म्हणाल्या, "दे तो मोबाईल. माझी पण एक नोंद करते. म्हातारीला बटणं दिसतात का बघू." आणि एका बोटानं, चष्मा वर-खाली करत, त्या बराच वेळ काहीतरी भरत राहिल्या. शेवटाला बोट थांबलं. बाहेर बघितलं. मग पुन्हा लिहू लागल्या. मी दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर येणार नव्हत्या. काम झालं होतं. सकाळी मी कॉम्प्युटर उघडून चाचणीच्या नोंदी काढून टाकायला बसलो, कारण खऱ्या माहितीत त्या मिसळून चालत नाहीत. आम्ही लोकांनी केलेल्या नोंदी भलत्यासलत्या होत्या. साहेबांनी स्वतःचं वय अठरा टाकलं होतं. त्यांच्याखाली सिस्टरांची नोंद होती. ती मात्र खरी होती. एस्तेर भिंगारदिवे, वय सहासष्ट. गुडघे, ठणका, पहाटे जास्त. झोप, तुटक. आणि शेवटच्या ओळीत, सोबतीला कोण असतं, त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'महिनाभर ऑफिसातली पोरं.'

मी ती नोंद काढली नाही. मी तिच्याकडं बघत बसलो, मग उठून साहेबांना दाखवली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "फोन कर."

मी फोन केला. "सिस्टर, अकोल्याच्या तक्त्यात थोड्या शंका आहेत."

"सगळं तर करून दिलं. किती शंका?"

"बऱ्याच आहेत."

पलीकडं पिशवी उचलल्याचा आवाज आला. मग सिस्टर म्हणाल्या, "दहाची बस गेली. अकराला येते. चहावाल्याला सांग, माझ्यात साखर कमी."

फोन ठेवून मी तक्ता उघडला आणि अकरा वाजायच्या आत शंका शोधायला लागलो. साहेबही खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.